नवीन फिश टँक लावताय? दुकानातले उलटसुलट सल्ले असे पारखून घ्या

एक दुकानदार म्हणतो, "टाकी आज भरा, मासे आजच न्या." दुसरा म्हणतो, "महिनाभर माशांचं नावही काढू नका." एक सांगतो पाणी रोज बदला, दुसरा बजावतो की पाण्याला हातच लावू नका. अशा वेळी नवीन माणूस ज्याच्याकडून टाकी घेतली त्याचं ऐकतो, किंवा ज्याचा आवाज मोठा त्याचं. पंधरवड्यात मासे मरू लागले की "आमच्याकडे मासे लाभत नाहीत" म्हणून टाकी माळ्यावर जाते. मासे न लाभण्याचं कारण जवळजवळ नेहमी पाण्यात असतं, आणि ते मोजता येतं.

हा लेख गोड्या पाण्याच्या, घरात ठेवायच्या साध्या टाकीसाठी आहे. समुद्री माशांची टाकी हा वेगळा विषय आहे; पहिल्याच टाकीला त्या वाटेला जाऊ नका.

१. आधी हे समजून घ्या: सल्ल्यातली अट गाळलेली असते

दुकानांमधून मिळणारे बरेच सल्ले खोटे नसतात, अर्धे असतात. "महिनाभर पाणी बदलू नका" हा सल्ला मासे नसलेल्या टाकीसाठी बरोबर आहे. मासे असलेल्या नव्या टाकीत तोच सल्ला पाळला तर मासे जातात. "रोज पाणी बदला" हे मासे आधीच आणून बसलेल्या माणसासाठी योग्य आहे, जुन्या स्थिर टाकीसाठी अनावश्यक. दोन दुकानदार एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं वाटतं, पण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या टाक्या असतात.

शिवाय दुकानाची स्वतःची परिस्थिती तुमच्या घरासारखी नसते. पुष्कळ दुकानांत सगळ्या टाक्या एकाच मोठ्या फिल्टरला जोडलेल्या असतात. तो फिल्टर जुना, मुरलेला असतो, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया त्यात आधीच वाढलेले असतात. मासा तिथे काही दिवस राहतो आणि विकला जातो. म्हणून छोट्या टाकीत पन्नास मासे ठेवूनही तिथे निभावतं. दुकानदार डोळ्यांनी रोज हेच बघतो, त्यामुळे "काही होत नाही" असं तो मनापासून सांगतो. तुमच्याकडे मासा वर्षानुवर्षं राहणार आहे आणि फिल्टर कोरा आहे.

त्यामुळे कुठलाही सल्ला मिळाला की दोन प्रश्न विचारा. पहिला: हे कोणत्या टाकीसाठी, नव्या की जुन्या, मासे असलेल्या की रिकाम्या? दुसरा: याने पाण्यातल्या अमोनिया आणि नायट्राइटवर (माशांच्या घाणीतून तयार होणारी ही दोन विषारी द्रव्यं, पाचव्या भागात सविस्तर) काय परिणाम होईल? ज्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येतं त्याचं दुकान जपून ठेवा. असे दुकानदार आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप असतं.

२. सामान

मासे सोडून सगळं आधी घ्यायचं. यादी अशी:

- टाकी आणि झाकण. बरेच मासे उडी मारतात, झाकण हवंच.
- फिल्टर, स्पंज असलेला. तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवेल एवढ्या क्षमतेचा.
- हीटर आणि थर्मामीटर. साधारण लिटरमागे १ वॅट हा अंदाज चालतो. पाणी वर्षभर आपोआपच २४ ते २७ अंशांत राहत असेल तर हीटर टाळता येतो, पण थर्मामीटर नाही.
- पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध. दुकानात ते बहुधा अँटिक्लोरीन किंवा वॉटर कंडिशनर म्हणून मिळतं.
- थेंबांचं टेस्ट किट: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा).
- खडी किंवा जाड वाळू, सायफनची नळी, फक्त टाकीसाठी राखलेली बादली, जाळी.
- एक वही.

टेस्ट किटवर थोडं थांबतो, कारण यादीतली हीच वस्तू "कशाला उगाच" म्हणून वगळली जाते. सजावटीचा किल्ला वगळा, रंगीत दिवा वगळा, पण किट घ्या. कागदी पट्ट्या सोप्या असतात, पण अनेक पट्ट्यांवर अमोनियाचा रकानाच नसतो, आणि नव्या टाकीत नेमका तोच आकडा हवा असतो. नायट्रेटच्या चाचणीत एका बाटलीतला पदार्थ तळाशी बसतो. ती सूचनेत लिहिल्याइतका वेळ जोरजोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो. आणि किटच्या बाटल्यांवरची मुदत वाचा.

काही दुकानं पाणी तपासून देतात. जरूर द्या, पण "पाणी मस्त आहे" हे उत्तर घेऊ नका. आकडे मागा आणि वहीत लिहा.

३. टाकी आणि जागा

नवीन माणसाला लहान टाकी सोपी वाटते. उलट आहे. पाणी कमी असलं की एका मेलेल्या माशाने किंवा जास्त पडलेल्या खाण्याने सगळं पाणी बिघडतं; पाणी जास्त असलं की तीच घाण पातळ होते आणि तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. पहिली टाकी ५० ते १०० लिटरची असेल तर उत्तम. काचेचा गोल बाउल कुठल्याच माशासाठी घेऊ नका: त्यात धड फिल्टर बसत नाही, आणि वरचा भाग निमुळता असल्यामुळे हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळायला जागा कमी मिळते.

लिटर काढायची रीत: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि १,००० ने भागा. ६० × ३० × ३५ ची टाकी कागदावर ६३ लिटरची. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की हाती ५० ते ५५ लिटर उरतात. औषधाचा डोस या खऱ्या पाण्यावर काढायचा, लेबलवरच्या लिटरवर नाही.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वरची टाकी काच आणि खडी धरून ७५ किलोच्या आसपास जाते. हलकं टेबल, टीव्हीचं युनिट, डुगडुगणारं कपाट यांवर ती ठेवू नका. खाली सपाट आधार आणि त्यावर पातळ फोमची चटई हवी. काचेला कुठेतरी एकाच बिंदूवर ताण आला की तळ तडकतो. थेट ऊन येणारी खिडकी टाळा, नाहीतर शेवाळ आणि तापमान दोन्ही हाताबाहेर जातात. भरलेली टाकी कधीही सरकवू नका.

जागा ठरली की आधी टाकी नुसती भरून २४ तास ठेवा आणि सांध्यांवर कोरडा कागद फिरवून गळती बघा. टाकी, खडी, दगड सगळं साध्या पाण्याने धुवायचं. साबण कधीच नाही.

दगड हौसेने गोळा केलेले असतील तर त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर त्यात चुनखडी आहे. तो पाण्याचा कठीणपणा आणि पीएच वाढवत राहील. शंख, शिंपले, प्रवाळ, संगमरवराचे तुकडे हेच करतात. नवं लाकूड पाण्याला चहाचा रंग देतं. दिसायला ते खटकेल, पण माशांना त्याचा त्रास नाही.

विजेचं एकच सांगतो, पण ते विसरू नका. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोळातून खाली पडेल. एअर पंप टाकीच्या पाण्यापेक्षा खाली ठेवला असेल तर नळीत उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवा. पाण्यात हात घालण्याआधी हीटर बंद.

४. पाणी

नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतं. ते माशांचे कल्ले जाळतं आणि पुढच्या टप्प्यात आपल्याला हवे असलेले बॅक्टेरियाही मारतं. "पाणी रात्रभर उघडं ठेवा, क्लोरीन उडून जातं" असं एक दुकान सांगेल, "औषधाशिवाय पाणी घालूच नका" असं दुसरं. दोन्ही बरोबर, पण पाण्यात काय घातलंय त्यावर अवलंबून. साधं क्लोरीन २४ तासांत बऱ्यापैकी उडतं, हवेचे बुडबुडे सोडले तर आणखी लवकर. मात्र काही पाणीपुरवठ्यांमध्ये क्लोरामाइन वापरतात, आणि ते ठेवून ठेवून उडत नाही. तुमच्या नळाला काय येतं हे पाणीपुरवठा विभागाला विचारता येतं; नक्की कळत नसेल तर दर वेळी औषध घाला.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसतं, पण ते बहुधा कठीण असतं आणि त्यात कधीकधी नायट्रेटही मुरलेलं असतं. म्हणून टाकी भरण्याआधी मूळ पाण्याची चाचणी घेऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे प्रत्येक आकडा या पानाशी ताडून बघायचा आहे.

पीएचच्या मागे लागू नका. "पीएच ७ च हवा" म्हणून वरखाली करणाऱ्या बाटल्या विकल्या जातात. दुकानांत मिळणारे बहुतेक सामान्य मासे ६.५ ते ८ मध्ये छान राहतात. त्यांना त्रास होतो तो आकड्याच्या रोजच्या हेलकाव्यांचा. आपल्या पाण्याला मानवतील असे मासे निवडणं हे पाणी माशांसाठी बदलत बसण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

५. टाकी मुरवणं, म्हणजेच सायकलिंग

सगळ्या उलटसुलट सल्ल्यांचं मूळ इथे आहे, म्हणून हा भाग घाईत वाचू नका.

मासा कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतो. त्याची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेली पानं यांतूनही अमोनियाच निघतो. अमोनिया विषारी आहे. बॅक्टेरियांचा एक गट त्याचं नायट्राइट करतो. तेही विषारी, कारण ते रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, आणि ते कमी प्रमाणात मासे सहन करतात. नायट्रेट आपण पाणी बदलून काढतो, काही झाडं शोषून घेतात.

हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात. ते स्पंज, खडी, काच अशा पृष्ठभागांवर चिकटून वाढतात, सगळ्यात जास्त फिल्टरमध्ये, जिथे ऑक्सिजनचं पाणी सतत वाहतं. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतातच आणि सावकाश वाढतात. साधारण चार ते सहा आठवडे लागतात, थंड पाण्यात जास्त. "टाकी दोन दिवस नुसती चालू ठेवा, मग मासे सोडा" या सल्ल्याने गळती कळते आणि हीटर तपासून होतो. बॅक्टेरिया मात्र वाढत नाहीत, कारण त्यांचं खाणं म्हणजे अमोनिया, आणि रिकाम्या टाकीत तो येणार कुठून? महिनाभर नुसती फिरवलेली टाकीही नवीनच असते.

मासे न घालता टाकी अशी मुरवा:

पहिल्या दिवशी फिल्टर, हीटर सुरू करा. पाणी २६ ते २८ अंशांवर ठेवा. सुगंध आणि साबण नसलेला शुद्ध अमोनिया थोडा थोडा घालत जा आणि चाचणीत २ पीपीएम (लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम) आला की थांबा. बाटली हलवल्यावर फेस टिकून राहिला तर त्यात साबण आहे, तो वापरू नका. अमोनिया मिळत नसेल तर माशांचं खाणं रोज चिमूटभर टाका. ते कुजून अमोनिया देतं. ही रीत चालते, पण आकड्यांवर ताबा कमी राहतो.

दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट तपासा. आधी फक्त अमोनिया दिसेल आणि बरेच दिवस काहीच हलणार नाही. मग तो उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा २ पीपीएमपर्यंत घाला. नायट्राइटचा टप्पा रेंगाळतो. पुष्कळ जण इथे कंटाळून मासे आणतात. थांबा. एक दिवस नायट्राइट भराभर पडतं आणि नायट्रेट दिसू लागतं.

कसोटी अशी: संध्याकाळी २ पीपीएम अमोनिया घातला आणि २४ तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आलं, तर टाकी तयार आहे. एकदा आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा करून खात्री करा. मग साठलेलं नायट्रेट कमी करायला निम्म्याहून जास्त पाणी बदला आणि एक-दोन दिवसांत पहिले मासे आणा. उशीर होणार असेल तर अमोनिया घालत राहा, नाहीतर बॅक्टेरिया उपाशी राहतात.

मधेच सगळं ठप्प झालं तर पीएच बघा. ६.५ च्या खाली हे बॅक्टेरिया मंदावतात आणि ६ च्या आसपास जवळजवळ थांबतात. अशा वेळी थोडं पाणी बदललं की गाडी पुन्हा चालू लागते.

पहिल्या आठवड्यात पाणी दुधाळ होईल. वेगळ्याच बॅक्टेरियांचा तो उठाव असतो आणि आपोआप बसतो. त्यासाठी "पाणी स्वच्छ करणारी" बाटली घेऊ नका, टाकी रिकामी करून धुऊ तर मुळीच नका.

वेळ खरोखर कमी करायचा असेल तर निरोगी जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळवा. ओळखीच्या कुणाकडे चालू टाकी असेल तर त्याच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. वाटेत तो ओला राहिला पाहिजे. जुन्या टाकीतलं पाणी आणून मात्र फारसा उपयोग नाही, कारण बॅक्टेरिया पाण्यात नसतात. दुकानातला स्पंज मिळत असला तरी सावध राहा, त्याबरोबर रोगही येऊ शकतो.

बाटलीतल्या बॅक्टेरियांबद्दल एक दुकान म्हणेल "हे घाला आणि आजच मासे सोडा", दुसरं म्हणेल "ते नुसतं रंगीत पाणी". अनेक वर्षं असं मानलं जात होतं की टाकीत नायट्राइटचं नायट्रेट करण्याचं काम नायट्रोबॅक्टर नावाचे बॅक्टेरिया करतात. १९९८ मध्ये संशोधक टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरासारखे बॅक्टेरिया करतात. म्हणून बाटलीत नेमकं काय आहे याला महत्त्व आहे. काही बाटल्यांत फक्त गाळ खाणारे वेगळे बॅक्टेरिया असतात; सायकलिंगसाठी ते कामाचे नाहीत. योग्य जातीचे असले तरी उन्हात पडलेली किंवा मुदत संपलेली बाटली मेलेली असू शकते. चांगली बाटली मदत करते, माझा तिला विरोध नाही. पण बाटली घातली म्हणजे टाकी तयार झाली असं नाही. २४ तासांची कसोटी तिलाही लागू.

६. मासे आधीच आणले असतील तर

पुष्कळ वाचक इथूनच सुरुवात करतील. घाबरू नका, मासे वाचवता येतात.

रोज अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्हींची बेरीज ०.५ पीपीएमच्या वर गेली की ३० ते ५० टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीच्याच तापमानाचं हवं. खाणं दिवसाआड, आणि तेही अगदी थोडं. नवे मासे आणायचे नाहीत. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील किंवा कल्ले लालभडक दिसत असतील तर चाचणीची वाट न बघता आधी निम्मं पाणी बदला, मग तपासा.

"पाणी बदललं तर बॅक्टेरिया जातील" ही भीती तुम्हाला घातली जाईल. बॅक्टेरिया स्पंजमध्ये आहेत. पाणी बदलल्याने ते जात नाहीत. स्पंज नळाखाली धुतला तर मात्र जातात.

पीएच जास्त असेल तर जास्त दक्ष राहा. किट दाखवतं तो एकूण अमोनिया असतो, आणि त्यातला खरा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ वरून ८ झाला की तो भाग सुमारे दहापट होतो. त्यामुळे तोच आकडा एका टाकीत खपतो आणि दुसरीत मारतो.

७. दुकानात ऐकू येणारी वाक्यं

"मासा टाकीएवढाच वाढतो." खराब, कोंदट पाण्यात मासा खुरटतो हे खरं, पण ते आजारपण आहे. गोल्डफिश सहज १५-२० सेंटिमीटरचा होतो, साधा लांबट गोल्डफिश त्याहून मोठा, आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. बाउलमध्ये तो वर्षभरात मरतो आणि लोकांना वाटतं त्याचं आयुष्यच तेवढं. ऑस्कर नावाचा मासा ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. दुकानात बोटाएवढा दिसणारा मासा पिल्लू आहे हे कायम लक्षात ठेवा.

"एक सकर न्या, टाकी साफ ठेवील." या माशाला शेवाळ आवडतं, पण विष्ठा तो खात नाही, उलट भरपूर करतो. नेहमी विकला जाणारा सकर ३० सेंटिमीटरच्या वर जातो. तो मोठा झाला की लोक त्याला नदीत किंवा तळ्यात सोडतात, आणि तिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर येतो. टाकीतला कुठलाही मासा, गोगलगाय किंवा पानवनस्पती बाहेरच्या पाण्यात सोडू नका.

"एक गॅलनला (सुमारे पावणेचार लिटरला) एक इंच मासा." लहान, सडपातळ माशांसाठी ढोबळ अंदाज म्हणून ठीक. पण मासा लांबीला दुप्पट झाला की वजनाला साधारण आठपट होतो, आणि घाण वजनाप्रमाणे होते. दहा निऑन टेट्रांचा हिशेब एका मोठ्या ऑस्करला लावता येत नाही.

"दर वेळी चिमूटभर मीठ टाका." मिठाला खरे उपयोग आहेत. नायट्राइट वाढलं असेल तेव्हा मिठातलं क्लोराइड ते कल्ल्यांवाटे रक्तात जाण्यापासून अडवतं. पण मीठ वाफेबरोबर उडत नाही, साठत जातं. झाडांना आणि कोरिडोराससारख्या माशांना ते सोसत नाही. कारण असेल तेव्हा, मोजून, आणि नंतर पाणी बदलून काढून टाकायचं.

"हे निळं औषध प्रतिबंध म्हणून घाला." आजार नसताना औषध घालू नका. मिथिलीन ब्लू तुम्ही सहा आठवडे वाढवलेल्या बॅक्टेरियांनाही मारतं. तांबं असलेली औषधं झिंगे आणि गोगलगायी मारतात. उपचार वेगळ्या लहान टाकीत करावेत.

"महिन्यातून एकदा सगळं काढून घासून धुवा." हा सगळ्यात घातक सल्ला आहे, कारण ऐकायला तो स्वच्छतेचा वाटतो. टाकी पूर्ण धुणं म्हणजे पुन्हा पाचव्या टप्प्याच्या पहिल्या दिवशी जाणं, या वेळी आत मासे असताना. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात हलका पिळा, तेवढं पुरे. "फिल्टरचं कार्ट्रिज दर महिन्याला नवं घाला" हेही त्याच जातीचं. स्पंज फाटेपर्यंत वापरायचा असतो.

८. मासे निवडताना

दुकानात जाताना ठरवून जा. कोणता मासा, किती मोठा होतो, किती जणांच्या थव्यात राहतो हे घरी वाचून वहीत लिहा. निऑन टेट्रा किंवा कोरिडोरास किमान सहा. गप्पी नर-मादी मिळून घेतले तर पिल्लं होणारच, आणि नुसती मादी आणली तरी होऊ शकतात, कारण ती नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते. फायटर एकटा ठेवावा. त्यालाही फिल्टर, उबदार पाणी आणि किमान २० लिटर जागा लागते, पेल्यात विकायला ठेवलेला दिसला तरी.

दुकानाच्या टाकीसमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहा. मेलेले मासे, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, मिटलेले पर, कोपऱ्यात डोलणारा मासा, खपाटीला गेलेलं पोट यांपैकी काही दिसलं तर त्या टाकीतलं काहीच घेऊ नका. सगळ्या टाक्या एकाच फिल्टरवर असतील तर शेजारच्या टाक्यांतलंही नको. मासा किती दिवसांपूर्वी आला ते विचारा आणि त्याला खाणं घालून दाखवायला सांगा. कालच आलेला मासा आठवडाभर तिथेच राहू द्या, मग घ्या.

सगळे मासे एकदम आणू नका. आधी थोडे, दोन आठवडे आकडे शून्यावर टिकले की पुढचे. जागा असेल तर नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सगळ्या टाकीत पसरल्यावर निस्तरण्यापेक्षा हे सोपं पडतं.

९. मासे सोडण्याचा दिवस

"पिशवी पंधरा मिनिटं तरंगवा आणि सोडा" आणि "थेंब थेंब पाणी घालत दोन तास लावा" हे दोन्ही ऐकाल. पिशवी किती वेळ बंद होती त्यावर ठरवा. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली जातो, त्यामुळे साठलेला अमोनिया तोवर कमी विषारी असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया बाधू लागतो. म्हणून लांबून आलेल्या माशांना उघड्या पिशवीत तासन्‌तास ठेवू नका. जवळच्या दुकानातल्या माशांसाठी पंधरा-वीस मिनिटं बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवा, मग उघडून दोन-तीन वेळा टाकीचं थोडं पाणी मिसळा. मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

दिवा बंद ठेवा. त्या दिवशी खाणं नाही.

१०. पहिला महिना

पहिला आठवडा रोज, नंतर आठवड्यातून दोनदा चाचणी. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. दिवा सहा ते आठ तास. आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदला, सायफनने खडीतला गाळ ओढून घेत. नायट्रेट २० ते ४० पीपीएमच्या खाली राहत असेल तर हे प्रमाण तुमच्या टाकीला पुरतंय. चढत असेल तर पाणी जास्त बदला किंवा मासे कमी ठेवा. काचेवर तपकिरी थर येईल. नव्या टाकीत तो येतोच, पुसून काढा.

झाडं लावायची असतील तर अनुबियास आणि जावा फर्नपासून सुरू करा. त्यांचं आडवं खोड खडीत पुरायचं नाही, लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधायचं; पुरलं तर कुजतं.

वीज काही तास गेली तर फिल्टरमधल्या बॅक्टेरियांना ऑक्सिजन मिळत नाही. बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा. बंद डब्याचा फिल्टर बराच वेळ थांबला असेल तर पुन्हा सुरू करण्याआधी आतलं साठलेलं पाणी ओतून टाका.

आणि कधीही अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर दिसलं, तर दुकानात धावण्याआधी क्रमाने हे करा: खाणं बंद, ३० टक्के पाणी बदल, एखादा मासा कुठे मरून अडकलाय का ते दगडांमागे शोधणं, फिल्टरचा प्रवाह मंदावलाय का ते बघणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी. तरीही आकडा खाली येत नसेल तर वही घेऊन दुकानात जा. तारखेसह आकडे समोर ठेवले की समोरच्या माणसालाही नेमका सल्ला देता येतो.